आईनं छाटलेले स्फटिक

आक्काचं आणि माझं भांडण एका पत्रकावरून झालं. पत्रक माझं होतं. कर्करोगाचा माग काढणारा पेट स्कॅन गरिबाच्या आवाक्यात का नाही, असा सवाल मोठ्या अक्षरांत छापून मी निपाणीच्या बसस्टँडवर वाटत होतो. आक्का, माझी थोरली बहीण, बेळगावच्या एका कॉलेजात याच यंत्राच्या एका भागावर पीएचडी करते. तिनं पत्रक वाचलं आणि म्हणाली, "मागणी बरोबर हाय. पण ह्ये यंत्र चालतं कसं, याची एक ओळबी न्हाय."

"लोकांना यंत्र पायजे, शाळा न्हाय. आणि तू काय करतीस गं? सेकंदाचे तुकडे मोजतीस!"

"व्हय, मोजते. बस हितं."

तिनं समजावलं ते असं. रुग्णाला इंजेक्शन देतात. औषध गाठीत जमतं. तिथून दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सुटतात आणि दोन्हीकडच्या स्फटिकांवर आपटतात. स्फटिकात क्षणभर उजेड चमकतो, तो स्फटिकाला चिकटवलेली चिप टिपते. कुठली चमक आधी, कुठली नंतर, यावरून गाठ कुठं ते कळतं. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, चुकला तर गाठ अर्धा फूट इकडची तिकडं. वेळ नेमकी पकडली तर औषध कमी लागतं, रुग्णाला टेबलावर कमी वेळ पडावं लागतं, आणि तेवढ्याच दिवसात जास्त माणसं तपासता येतात.

पत्रकात हे नव्हतं याचा राग आला, तो स्वतःचाच.

तिच्या मोजणीतली वेळेची चूक मात्र कमी होत नव्हती. पंधरा दिवसांनी कामाचा आढावा घ्यायला समिती येणार होती. चुकीचा आकडा खाली आला नाही तर तिचं टेबल, चिप, मोजणीची यंत्रं, सगळं दुसऱ्या गटाला जाणार. चार वर्षं वाया. गोम होती गुंडाळण्यात. काडीपेटीच्या काडीएवढ्या त्या स्फटिकाला नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळायची, म्हणजे उजेड बाहेर सांडत नाही. आक्काचा प्रत्येक स्फटिक वेगळा निघायचा. एक सैल, एक सुरकुतलेला. घरी येऊन ती चरफडत होती. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दाव तरी कसलं बारीक काम हाय."

आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. तिच्या बोटांना डोळे आहेत.

स्फटिक घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून आईच बेळगावला गेली. डबा घेऊन, मला बरोबर घेऊन, संकेश्वरवरून जाणाऱ्या बसनं. प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर तिला बसता येईना. फरशीवर वर्तमानपत्र अंथरून, मांडीवर ट्रे घेऊन बसली, बिडीचं सूप घ्यावं तशी. हातात पातळ हातमोजे. आधी आक्कानं गुंडाळलेले स्फटिक एकेक उचलले आणि बाजूला टाकले.

"ही छाट. हीबी छाट. ही तर लईच छाट."

छाट म्हणजे कारखान्यात चेकर नापास करून फेकतो त्या बिड्या. ज्या छाटीनं आईची मेहनत मातीत घातली, तिच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत. मी ओरडलो, "आई, तू चेकर कधी झालीस?"

"वाईट ते वाईटच रं. चेकर चांगल्याला वाईट म्हणायचा, ते पाप."

संध्याकाळपर्यंत तिनं ट्रे भरला. एकसारखे, गुळगुळीत, पांढरे. आक्कानं पहिला स्फटिक चिपवर बसवला. पडद्यावर नुसती सरळ रेघ, चमकेचा पत्ता नाही. दुसरा, तिसरा, तीच रेघ. आक्का म्हणाली, "चिप मेली. संपलं."

मी ट्रेमधला एक उचलून पाहिला, आणि हसू आवरेना. लहानपणी मीही बिड्या वळल्यात. पाला, तंबाखू, दोरा, आणि शेवटी नखानं तोंड मिटवायचं. आईनं स्फटिकांचीही तोंडं मिटवली होती. चिपला चिकटायची जी बाजू उघडी हवी, तीच टेपखाली. उजेड आत कोंडला होता.

"आगं आई, तोंड उघडं ठेवायचं!"

"उघड्या तोंडाची बिडी कुणी घेतली हाय का?" आई चिडली. "आधी सांगायचं न्हाय व्हय?"

तिघांनी मिळून पातळ पात्यानं तोंडं उघडली. सगळं आवरेपर्यंत शेवटची बस निघून गेली होती, म्हणून त्या रात्री आम्ही आक्काच्या खोलीवरच राहिलो. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. आकडा खाली आला. चमत्कार झाला असं मी लिहिणार नाही. मोठ्या देशांतल्या प्रयोगशाळा अजून पुढं आहेत. पण स्फटिकांची जोडीमागून जोडी तोच आकडा देत होती, आणि आक्का कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

अहवालात तिनं लिहिलं, 'स्फटिक हातानं गुंडाळले.' मी भडकलो. कुणाच्या हातानं? हात काय आभाळातून पडले? दोन दिवस वाद घातला. शेवटी तिनं कामाच्या पद्धतीत एक अख्खा परिच्छेद घातला: कुणी, कुठं शिकलेल्या हातानं, कसं.

समितीतल्या एका बाईंनी नेमका तोच परिच्छेद दोनदा वाचला. टेबल आक्काकडंच राहिलं. जाता जाता त्यांनी विचारलं, पुढचे स्फटिक आले की असेच गुंडाळून मिळतील ना?

आक्का म्हणाली, "आईला विचारून सांगते."