माझ्या वाटचा रोट

हे लिहिताना अजूनही मान खाली जाते. पोटातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं, धुळ्याला. मला बारा वर्षांची शुगर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आबा, शुगर ताब्यात नसेल तर टाके भरत नाहीत, आतून पू होतो. आठ दिवस काटेकोर पथ्य पाळा, मगच हात लावतो." मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं आणि अमळनेरला घरी आलो. त्याच रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची श्रावणातली खानदेशी देवी, बसली.

आमच्याकडे कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या गोड पोळ्या, घरातल्या माणसागणिक गहू घेऊन करतात, आणि ते घरच्यांनीच संपवायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. माझ्याही नावाचे दोन रोट झाले. बायकोने ते बाजूला ठेवले, म्हणाली, "तुम्ही नुसता नमस्कार करा, पोरं खातील." स्वतः तर तिने माझ्या दुखण्यापासून गोडाला हात लावला नव्हता. मला मात्र वाटलं, ऐन जिवावरच्या वेळी देवीचा वाटा टाकला तर ती कोपेल. निदान मनाला मी तसं सांगितलं. खरं म्हणजे जिभेला पाणी सुटलं होतं, झालं! दुपारी सगळे अंगणात गाणी म्हणत होते, तेव्हा देवघरात देवीकडे पाठ करून मी दोन्ही रोट तुपाशी खाल्ले. दुसऱ्या दिवशी वर खीरही.

भरती झालो आणि शुगर तीनशेच्या वर निघाली. ऑपरेशन पुढे गेलं. डॉक्टर बायकोवर चिडले, "बाई, गाठ काय आपल्यासाठी थांबणार आहे? घरात गोड कोण देतं यांना?" ती बिचारी पदर सावरत म्हणाली, "चुकलं डॉक्टरसाहेब." आणि मी, घरातला कर्ता माणूस, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

शेजारच्या खाटेजवळ साक्रीकडची एक म्हातारी अक्का बसलेली होती, आपल्या भावाच्या सोबतीला. माझ्या सलाईनच्या नळीकडे बघत ती सहज बोलली, "मले बी शुगर शे भाऊ. कानबाईना रोट मी कपाळले लावस, नि पोरंसले दी देस. माय लेकरूले मारीसन खावाडस का?"

लेकराचा जीव जाईल असं कुठली माय त्याला खाऊ घालते, असं ती विचारत होती. मी रोटाबद्दल तिथे कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. तिला हे कसं सुचलं, ते विचारायचं माझ्याने झालं नाही. मी उशीत तोंड घालून रडलो. म्हटलं, आई, मी तुझ्या नावाखाली चोरी केली. आता जगव नाहीतर ने, तुझी मर्जी.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती सफरचंद चिरत होती. म्हणाली, "मला माहीत होतं हो. देवघरात तुपाचा हात लागला होता पाटाला, मीच पुसला."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"इतक्या माणसांत तुमची लाज काढू?"

त्या दिवसापासून सुई, ज्वारीची भाकरी, वॉर्डातल्या फेऱ्या, सगळं निमूट केलं. पंधरा दिवसांनी शुगर उतरली, ऑपरेशन झालं, टाके भरले. अक्का तोवर भावाला घेऊन घरी गेली होती. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. देवीने तिच्या तोंडून मला वेळेवर थांबवलं, एवढंच मी मानतो. शरण जायचं म्हणजे देवाच्या नावाने आपला हट्ट पुरवून घ्यायचा नाही, हे कळायला मला पोट चिरून घ्यावं लागलं.

यंदा कानबाईपुढे माझ्या वाटचा रोट कपाळाला लावला आणि सगळ्यांदेखत बायकोच्या ताटात ठेवला. "मागच्या वर्षी मी चोरून खाल्ला होता," मी म्हणालो, "बोलणी हिने खाल्ली." ती म्हणाली, "काहीतरीच तुमचं," आणि डोळे पुसत पहिला घास घेतला.