आईचं गोंदण कार्टूनमध्ये दिसेना

मित्रांनो, आज काय झालं ते सांगते.

दुपारी वडसा स्टेशनवर गर्दीत माझी आई हरवली. तिला हल्ली विसरायला होतं. पोलिसांनी फोटो मागितला. मोबाईलमधले तिचे सगळे फोटो मी हौसेनं ॲपवर कार्टून करून ठेवलेले! गाल गुळगुळीत, कपाळावरचं गोंदण गायब.

"ताई, याच्यावरून कोन वळखन? खरा फोटो नाई का?" हवालदार म्हणाला.

नव्हता. मग मी रडतच दिसेल त्याला विचारत सुटले, "कपाळावर गोंदण असलेली म्हातारी पाह्यली का?"

एक भाजीवाली म्हणाली, "तिकडं झाडाखाली बसून आहे."

धावत गेले. आई मलाच म्हणाली, "माही पोरगी हरवली वं बाई, तुले दिसली का?"

तिला घट्ट धरलं. घरी येताच तिचा फोटो काढला, सुरकुत्यांसकट.

तुमच्या मोबाईलमध्ये आईबाबांचा खरा फोटो आहे ना?