दसऱ्याला पुजलेला डबा

ती घटना आठवली की आजही मला आधी माझाच राग येतो, बाकीच्यांचा नंतर.

गोंदियातल्या एका ठाण्याचा मी इन्चार्ज होतो. दसरा होऊन तीनेक आठवडे झाले असतील. एक बाप तक्रार घेऊन आला. मुलीचा सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट नवऱ्या मुलाच्या घरी पोचला होता आणि सोयरीक मोडली होती. छापील प्रतच त्या लोकांनी त्याच्यासमोर टाकली. "आम्ही सांगणारच होतो जी. पण आमच्या तोंडून सांगू द्यायचं होतं," म्हणाला आणि रडायलाच लागला.

रिपोर्ट ज्या लॅबमधला होता, तिथल्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी थेट बोट दाखवलं. "कंप्युटरवाली बाई, साहेब. सब उसीके पास रहता है." मीही शहाणा! भर सकाळी महिला शिपाई देऊन जीप बाईच्या दारात पाठवली.

बाई चाळिशीची, नवरा नाही, घर तिच्या पगारावर. ठाण्यात आणून दोन तास प्रश्न विचारले, पण जबाब काही बदलेना.

"मी कायले देऊ जी कोणाचा रिपोर्ट? मीच तर सरांच्या मागं लागून फायरवॉलवाला राऊटर घ्यायला लावला!"

हे काय प्रकरण, म्हणून विचारलं. लॅब आणि शेजारचा तिकीट एजंट, दोघांत इंटरनेटची लाइन एकच. भिंतीला भोक पाडून तार नेलेली. आपल्याकडे असं सर्रास चालतं. त्यामुळे एजंटच्या कंप्युटरवरून लॅबचे रिपोर्ट उघडता येत. ते बाईच्या लक्षात आलं. तिनं राऊटरचे तीन डबे पाहिले. स्वस्तातला दोन दुकानं वेगळी करत नव्हता, महागाच्या लायसनचे पैसे दरवर्षी भरावे लागत होते. तिनं मधला निवडला. कंपनी नवीन दुरुस्त्या फुकट देत होती, आणि बिघडला तर पाहणारा माणूस गावातच होता. "दोन दुकानांच्या मधात भिंत घातली, समजा," ती म्हणाली.

मग भिंत असताना रिपोर्ट गेला कसा? मी पंचनाम्याला लॅबमध्ये गेलो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, वरच्या फळीवर देवाच्या फोटोशेजारी एक काळा डबा दिसला. त्यावर हळदकुंकू आणि सुकलेलं झेंडूचं फूल. दिवा एकही लागलेला नव्हता.

"हा काय?"

"वही राऊटर है, साहेब. दसरे को मशीनों की पूजा की, इसकी भी की. फिर वहीं रहने दिया. तार पुराने डब्बे में लगा दी. नेट तो चालू था!"

दसऱ्याला बाई दीक्षाभूमीवर नागपूरला गेली होती. आल्यावर तिला कोणी काही सांगितलं नाही. नेट चालू, म्हणजे सगळं ठीक; भिंत मात्र फळीवर. मी कपाळाला हात लावला.

शेजारच्या एजंटकडं गेलो. त्याच्या प्रिंटरमधून निघालेल्या तिकिटावर डाव्या कडेला काळी रेघ उमटत होती. नेमकी तीच रेघ मुलाच्या घरातल्या प्रतीवर होती. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर गडी फार टिकला नाही. मुलाकडचा लांबचा पाहुणा निघाला. "त्यांच्या भल्यासाठीच केलं," म्हणे! प्रिंटर आणि कंप्युटर जप्त केले, गुन्हा नोंदवला.

डॉक्टर म्हणाले, आता महागातला घेतो. बाई तिथंच उभी होती. "डब्बा चांगलाच आहे, सर. फक्त तार लावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः तिच्या घरी गेलो. चूक माझी झाली, हे सांगायला. तिच्या वडिलांनी जय भीम घातला, पाणी दिलं. माझं बोलणं संपल्यावर बाई म्हणाली, "साहेब, जीप मला घेऊन गेली तवा सारी गल्ली पाहून राहिली होती. आता सारे धान कापायला गेले. तुमचं हे ऐकलं कोणी?"

नोकरीत शेकडो लोकांना जीपमध्ये बसवलं, पण निर्दोष माणसाला परत सोडायचं कसं, हे कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या बाईनं शिकवलं.

ड्रायव्हरला म्हटलं, जीप दारातच राहू दे. माणसं शेतावरून परत येईपर्यंत मी तिच्या ओट्यावर बसून राहिलो.