पानाची घडी

गेल्या वर्षी नवऱ्याचा पुतण्या पुण्याहून श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आला. पहिल्याच रविवारी आमच्याकडे टपकला आणि म्हणाला, ‘‘काकू, मद्रासमधली खरी जुनी हॉटेलं सांगा. कंपनीच्या कँटीनमध्ये जीव रमत नाही.’’

मी म्हटलं, बस आधी. मग सांगितलं. तिरुवल्लिकेणीत एक आहे, तिथे इडलीवर बादलीनं सांबार ओततात, इडली शोधावी लागते. जॉर्ज टाउनमध्ये सराफांच्या गल्लीत पोडी, म्हणजे डाळींची सुकी चटणी, लावलेली तुपातली इडली मिळते. मैलापूरला देवळामागच्या एका खिडकीत रवा डोसा मिळतो, तो हवा तर उभं राहून खायचा आणि वाट बघताना कुरकुर करायची नाही. आणि सांबाराचं कौतुक करशील तर आधी आमच्या पाया पड, कारण तंजावरच्या मराठी राजवाड्यात ते जन्माला आलं, असं आम्ही तंजावरची मराठी माणसं शपथेवर सांगतो. खरं-खोटं देव जाणे.

पोरगा हसला. म्हणाला, ‘‘आणि पानावरचं पोटभर जेवण?’’

नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं काढलं आणि म्हणाला, ‘‘ते तिचं हॉटेल आता नाही. जाऊ दे.’’

जाऊ दे म्हटलं की जातं का काही!

ते हॉटेल मैलापूरच्या तळ्यापाशी, पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, उतरणाऱ्यांनी चढणाऱ्यांना वाट द्यायची. वर उंच छताचा हॉल, संगमरवरी टेबलं, मागे हात धुवायची जागा आणि तिच्या अलीकडे एक जाड खांब. माझे वडील, अप्पा, सरकारी कचेरीत कारकून होते. महिन्यातून एका शनिवारी ते अम्माला आणि मला तिथे जेवायला न्यायचे. ठरलेलं टेबल, ठरलेल्या जागा. अप्पा एका बाजूला, समोर अम्मा, अम्माशेजारी मी.

आता पानाची गोष्ट नीट सांगते, कारण पुण्याच्या माणसांना ती कळत नाही. आमच्या नवऱ्याला अजून कळलेली नाही. इथे केळीच्या पानावर जेवलं की उठण्याआधी पानाची घडी घालायची. वरचा अर्धा भाग आपल्याकडे आणून मिटायचा. म्हणजे जेवण आवडलं, पुन्हा येऊ, असा प्रसंग पुन्हा घडो. आणि कुणाच्या मरणाचं जेवण असलं की उलट, खालचा भाग उचलून आपल्यापासून लांब मिटायचा. म्हणजे असा प्रसंग या घरात पुन्हा नको. इथलं शेंबडं पोरही यात चुकत नाही.

अप्पा मात्र घडी घालायचंच विसरायचे. ताकभात संपला की पान तसंच उघडं टाकून हात धुवायला. अम्मा कपाळाला हात लावायची. ‘‘काय बाई हा माणूस!’’ म्हणायची आणि टेबलावरून वाकून, डाव्या हातानं, अप्पांच्या पानाची घडी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे घालायची. मग स्वतःचं पान. अप्पा परत आले की मिटलेल्या पानाकडे बघून म्हणायचे, ‘‘वा, पान शहाणं झालं!’’ दर वेळी हेच. मला मेलीला तेव्हा त्या विनोदाचा कंटाळा यायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना अम्मा गेली. कावीळ झाली, उतरली म्हणाले, आणि मग उतरलीच नाही.

बाराव्याच्या जेवणाला नातेवाईक जमले होते. ओसरीत पानं मांडली होती. आत्या, म्हणजे अप्पांची मोठी बहीण, कुंभकोणमहून येऊन सगळं हातात घेऊन बसली होती. जेवणं होत आली. अप्पांनी त्या दिवशी घास मोजकेच खाल्ले, पण उठताना, आयुष्यात पहिल्यांदा, आठवणीनं पानाची घडी घातली. अम्मासारखी. आपल्याकडे.

पंगत थिजली. आत्याच्या हातातलं भांडं खाली आदळलं. ‘‘अरे, काय केलंस हे! मरणाला पुन्हा घरी ये म्हणालास!’’

कुणीतरी पान ओढून घेतलं, कुणी म्हणालं, दुःखात माणूस चुकतोच. अप्पा आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते तेव्हा मला कळलं नाही.

आत्या घर सावरायला म्हणून राहिली, आणि घर भुतानं झपाटल्यासारखं करून सोडलं. तोंडानं वाईट नव्हती, पण भित्री. मला शिंक आली की ती देवापुढे दिवा लावायची. मला सर्दी झाली तर शेजारच्या डॉक्टरांना दोनदा बोलावणं. विहिरीपाशी जाऊ नको, रस्ता एकटी ओलांडू नको. ‘‘घरात बोलावलंय ते,’’ एवढंच म्हणायची. ‘ते’ म्हणजे काय, हे तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी पदवी घेऊ घातलेली मुलगी, असल्या गोष्टींना हसणारी. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लावायला जाताना माझीही पाचावर धारण बसायची. अम्माची पीठ चाळायची चाळण खुंटीवर आपोआप हलायची. वारा असेल. मी ती उतरवून फडताळात ठेवली.

आणि अप्पांनी घरी जेवणं सोडलं.

सकाळी कॉफी पिऊन कचेरीत, दुपारी काय खात होते कोण जाणे, रात्री ‘भूक नाही’. आत्यानं डांगर पचडी केली, पिठलं केलं, अम्माच्या पद्धतीची आमटी करून बघितली. पान समोर आलं की ते उठायचे. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. मी रडले, भांडले, हात टेकले. जेवायचे ते फक्त शनिवारी, एकटे, मैलापूरच्या त्या हॉटेलात.

एका शनिवारी घरी आले ते चेहरा वेगळाच घेऊन. मला पडवीत बोलावलं आणि हळूच म्हणाले, ‘‘आज आली होती.’’

‘‘कोण?’’

‘‘मी पान उघडं टाकून हात धुवायला गेलो. परत आलो तर घडी घातलेली. माझ्या खुर्चीकडे.’’

आत्या दाराआड ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला. ‘‘न्यायला आली आहे ती त्याला,’’ मला आत नेऊन म्हणाली. ‘‘काहीतरी कर गं. तुझा बाप चालला.’’

मला बाप हवा होता. अम्मा गेली होती, आता उरला होता एवढा एकच माणूस, तोही माझ्या डोळ्यांदेखत झिजत होता. भूत असो नाही तर वेड, मी त्याला परत आणणार होते. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, मीही येते जेवायला. अप्पांनी पुष्कळ नको म्हटलं. मी चप्पल घालून दाराशी उभी राहिले.

हॉल तसाच होता. बादल्या घेऊन वाढपी फिरत होते. आमच्या नेहमीच्या वाढप्यानं अप्पांसमोर पान घातलं, माझ्यासमोर घातलं, आणि सवयीनं अम्माच्या जागेसमोरही घालायला गेला. हात मध्येच थांबला. ते पान त्यानं पाठीमागे लपवलं, जणू मला दिसलंच नाही. त्या क्षणी मला ओरडून रडावंसं वाटलं. मी रसम मागितलं.

जेवण झालं. मी ठरवून जागेवर बसून राहिले. अप्पा हात धुवून परत आले. पान उघडंच.

‘‘तू बसलीस ना,’’ अप्पा म्हणाले, ‘‘म्हणून नाही आली.’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. जाताना मी वाढप्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, ‘‘गिऱ्हाईक उठून गेल्याशिवाय आम्ही पानाला हात लावत नाही. मागच्या वेळी पान मिटलेलं मीही पाहिलं. मला वाटलं, सरांनीच मिटलं.’’

त्याच्या पुढच्या शनिवारी मी युक्ती केली. आधी माझं पान मिटून उठले, हात धुतले, आणि टेबलाकडे न जाता खांबाआड उभी राहिले. अप्पा माझ्यामागून आले, हात धुतले, धोतराला पुसले आणि परत गेले. स्वतःच्या खुर्चीकडे नाही. अम्माच्या जागेवर जाऊन बसले. क्षणभर समोरच्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग वाकले आणि डाव्या हातानं, अगदी तिच्यासारखी मान कलती करून, पान मिटलं. उठून वळसा घालून आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि माझी वाट बघू लागले.

हॉलमध्ये केवढा गोंगाट होता! पेले आपटत होते, कुणी ताक मागत होतं, आणि माझा बाप एकटा बसून मेलेल्या बायकोचं काम करत होता.

मी तरातरा गेले. ‘‘अप्पा, मी बघितलं.’’

त्यांनी मान खाली घातली.

‘‘कशासाठी? आम्हाला घाबरवायला? आत्या घरी देव पाण्यात घालून बसली आहे! तुम्ही घरी जेवत का नाही ते सांगा आधी.’’

‘‘हळू बोल.’’

‘‘नाही बोलणार हळू.’’

मग ते बोलले. पानाकडे बघत, सावकाश. ‘‘चूक माझ्या हातून झाली. मी बोलावलंय त्याला. घरी मी जेवायला बसलो की पानं दोन, एक माझं, एक तुझं. आंधळं असतं ते, कुणाच्या पानावर येईल सांगता येतं का? म्हणून म्हटलं, इथे जेवावं. येऊ दे इथे, हॉटेलात, माझ्या पानावर. तिच्या हातची घडी असली तर ते माझ्याकडेच येईल, वाट चुकणार नाही. घरी नको. घरी तू आहेस.’’

बाराव्याला त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला आत्ता कळलं.

मी काय केलं ते सांगते, शहाणपणाचं नव्हतंच. मी ते मिटलेलं पान उलगडलं. त्यातली उष्टी शेवग्याची शेंग, ताकाचा ओघळ, सगळं उघडं पडलं. आणि समोरूनच ते उलट मिटायला गेले. अप्पांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘तिकडून नको! तुझ्याकडे येईल!’’ भरल्या हॉटेलात ओरडले. माना वळल्या.

मी वळसा घालून त्यांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांचा उजवा हात धरला, पानाच्या खालच्या कडेवर ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून पान लांब मिटलं. अम्माच्या जागेकडे. बाराव्याला मिटायचं होतं तसं.

गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला. ‘‘हे काय मसणवट आहे? भरल्या धंद्याच्या वेळी अशी घडी?’’ बरोबरच होतं त्याचं. आमच्या वाढप्यानं मात्र झटकन ते पान उचललं, टेबलावर पाणी मारलं, आणि मालकाला काहीतरी पुटपुटला. मालक बसला. पुन्हा आमच्याकडे बघितलं नाही.

अप्पा रडत होते. अम्मा गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर उपरणं धरून, खांदे हलवत, लहान मुलासारखे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. रडू दिलं. मग नाक पुसून म्हणाले, ‘‘आत्यानं काय केलंय घरी?’’

‘‘असेल ताकभात. सकाळचा.’’

‘‘चल मग.’’

अप्पा तळ्याकाठानं चालत निघाले. रथ ठेवतात त्या छपरापाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘एक सांगू? नंतरच्या वेळी मी होतो. पण पहिल्यांदा मी नव्हतो.’’

‘‘मग कोण होतं?’’

‘‘ते मला नको विचारू,’’ म्हणाले आणि चालू लागले.

त्या दुपारी ते घरी पुन्हा जेवले. आत्यानं पान मांडलं, माझं शेजारी. जेवून उठले आणि पान उघडंच टाकून गेले, पूर्वीसारखे. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी वाकून त्याची घडी घातली, त्यांच्या जागेकडे. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. माझं लग्न लावलं, नातवंडांना खांद्यावर घेऊन देवळाच्या रथाला नेलं. त्यांच्या बाराव्याला मी पान नीट लांब मिटलं, चुकले नाही.

हॉटेल त्याआधीच बंद पडलं. आता तिथे साड्यांचं दुकान आहे, जिना मोठा केला आहे, वातानुकूलित. एकदा आत जाऊन आले. खांब तसाच आहे, त्याला आरसे लावलेत.

पुतण्याला मी अखेर दुसऱ्या एका जेवणाच्या हॉटेलात घेऊन गेले. बरं होतं, रसम जरा तिखट. नवरा जेवला आणि पान उघडं टाकून हात धुवायला निघाला. मी खेकसले, ‘‘आधी घडी घाला!’’ पुतण्या हसायला लागला. म्हणाला, काकू, एवढं काय त्यात?

काय सांगणार त्याला? मी आजवर कुठल्याच हॉटेलात पान उघडं टाकून हात धुवायला गेले नाही, कुणाला जाऊ दिलं नाही. परत आल्यावर ते मिटलेलं दिसलं तर काय करू, ही भीती आहेच. पण खरं सांगायचं तर दुसरी भीती मोठी आहे. परत यावं, आणि ते तसंच उघडं पडलेलं असावं.