मामाजींची लोखंडी बादली

भुताखेतांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. शेजारणी चिंचेखालच्या बाईच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी सूप उचलून सरळ घरात जायची. शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून हे कोणाला सांगितलेलं नाही. पण परवापासून पोटात मावत नाही... म्हणून या वहीत लिहून ठेवते. वाचणाऱ्यानं खुशाल हसावं.

आमचं गाव आदिलाबादजवळ, तामसी मंडलात. घर जुनं, विटांचं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, गवंडी होते. तीन वर्षांपूर्वी गेले. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. बावीस वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पण आमची खुणेची बोली होती. भिंतीवर काही टांगायचं असलं की मामाजी खिळा ठोकायचे, त्याच्या खाली आपली लोखंडी बादली ठेवायचे आणि हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर दोनदा वाजवायचे — ठक ठक. म्हणजे, बादली भर. मी पदर सावरत यायची, पाणी भरून बादली खिळ्याला अडकवायची. ती दिवसभर लटकायची. वस्तूच्या दुप्पट वजन धरलं तरच खिळा पास! संध्याकाळी मामाजी खिळा हलवून बघायचे आणि एकदाच वाजवायचे — ठक. म्हणजे, पक्कं. त्यांनी पास केलेला खिळा आजवर एकही निघालेला नाही.

परवा माझ्या लेकीच्या, रूपालीच्या, बाळाचं बारसं दुसऱ्या दिवसावर आलं होतं. जावयांनी आदिलाबादहून मामाजींचा मोठा फोटो करून आणला. सागवानी फ्रेम, वर काच, पाच किलो तरी असेल. रूपालीची हौस अशी की पाळणा त्या फोटोखालीच बांधायचा, तिच्या आबांच्या नजरेसमोर. आणि फोटोसाठी जावयांनी मोबाइलवरून मागवलेला चिकटवायचा हूक काढला. ड्रिल नाही, खिळा नाही... कागद सोलला, भिंतीवर दाबला, झालं! फोटो संध्याकाळी लावू म्हणाले.

मला तो हूक पटेना. वर काच आणि खाली बाळ. पण जावयाला कसं बोलायचं? तीनदा त्यांच्यापर्यंत गेले आणि तीनदा चहाचा रिकामा कप उचलून परत आले.

दुपारी जावई पेढे आणायला गेले. आमचे हे पाळणा आणायला गेले. रूपाली बाळाला घेऊन मागच्या खोलीत झोपली होती. मी लसूण सोलत होते. आणि... ठक ठक.

मी डोक्यावर पदर घेऊन उठलेसुद्धा! बैठकीच्या दारात आले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आता बोलावणारं कोण आहे?

हुकाच्या बरोबर खाली मामाजींची बादली ठेवलेली होती. तीन वर्षं ती माळ्यावर, कापसाच्या पोत्यांमागे पडून होती. माळ्यावर चढायची शिडी सकाळीच शेजाऱ्यांनी नेलेली. मी धावत भिंतीमागच्या अंगणात जाऊन पाहिलं. एक शेळी, तीही झोपलेली.

भीती? खरं सांगते, नाही वाटली. माहेरचं माणूस न कळवता दारात उभं दिसावं तसं झालं. मी बादली काठोकाठ भरली, हुकाला अडकवली आणि समोर बसून राहिले.

हूक हलेना. दहा मिनिटं... पंधरा... म्हटलं, जावयांचंच खरं. इतक्यात भाकरीचा सुटावा तसा भिंतीच्या रंगाचा पापुद्रा हळूच सुटायला लागला — आणि हुकासकट बादली धाडकन खाली! पाणीच पाणी. बरोबर पाळण्याच्या जागी.

रूपाली धावत आली. जावईही पेढ्यांचा डबा घेऊन तेव्हाच दारात.

"आई, काऊन टांगली वं बादली?" रूपाली म्हणाली.

जावई हुकाकडे बघत म्हणाले, "पाकिटावर दहा किलो लिहिलंय, आई. फोटो तर पाचच किलोचा आहे."

आणि माझं तोंड उघडलं. "फोटो एक दिवस नाई लटकत, वर्षंवर्षं लटकते. खाली आपलं लेकरू राह्यते. तुमचा हूक नाई चालत. मी आणते."

जावयांशी एवढं मी रूपालीच्या लग्नापासून बोलले नव्हते. जावयांनी गाडीची चावी उचलली.

आदिलाबादच्या दुकानात शेठनं चकचकीत पितळी हूक पुढे केले. मी एक अंगठ्यानं दाबला, वाकला. बाजूला सारला. मग बोटानं लांबी दाखवून लोखंडी स्क्रू मागितला, जाड, तीन इंची. त्याला घट्ट बसणारी गिट्टी, म्हणजे भिंतीच्या भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी. फ्रेमच्या मागे लावायला दोन कड्या, आणि सुतळी नको, पिळाची तार. शेठ जावयांना म्हणाला, "ये अम्मा मिस्त्री है क्या?"

जावई म्हणाले, "मिस्त्री की बहू है."

परत येताना गाडीवर मी मागे बसून एकटीच हसत होते.

घरी येऊन भिंत बोटांनी वाजवत गेले. जिथं पोकळ वाजली तिथं नाही, जिथं वीट भरीव वाजली तिथं जावयांनी शेजाऱ्यांकडून आणलेलं ड्रिल मारलं. बादली भरून रात्रभर टांगली. सकाळी पाहिलं तर जशीच्या तशी! स्क्रू केसभरही हलला नव्हता.

मग मी वाट पाहिली... त्या एका ठकची. बायका जमायला लागल्या, पाळणा सजला, तरी काही वाजलं नाही. शेवटी मीच मामाजींची हातोडी आणली. डोक्यावरचा पदर घसरला, तो घसरू दिला. दांड्यानं भिंतीवर एकदा वाजवलं. ठक.

"पक्कं," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "लावा फोटो."

रूपाली म्हणते, बादली तूच उतरवली असशील, कामाच्या गडबडीत विसरलीस. पण शिडी तर त्या दिवशी संध्याकाळी परत आली, आणि माळ्यावर माझा हात पोचत नाही. मग ती कोणी उतरवली? भिंतीवर कोणी वाजवलं? आजही मला सांगता येत नाही. बादली मात्र मी परत माळ्यावर ठेवलेली नाही.