उल्लोरिआकची हाक

बोलेतआजीचा नवरा उल्लोरिआक गेल्या शरदात मासेमारीला गेला आणि होडीसकट समुद्रातच राहिला. तेव्हापासून उत्तरेकडच्या बर्फाळ किनाऱ्यावरल्या मानित्सोक गावात कुणाच्या घरी पाळणा हलतोय, याकडे आजीचं लक्ष असायचं. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला मिळालं की माणूस परततो, याबद्दल गावात कुणालाच शंका नाही. पुढे तिच्याच नातीला, निवीला, मुलगा झाला. आजी दुपट्यातल्या बाळाला सरळ दटावू लागली, "आलास का एकदाचा? आणि आल्या आल्या घोरणं सुरू!"

अडचण होती ती निवीची. पोर वाढली डेन्मार्कात. आईची भाषा तिला कळायची, पण जिभेवर काही बसली नव्हती. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचं नाव मोठ्यानं सांगायचं होतं तिनेच.

"चुकीच्या नावाला तो ओ कशाला देईल?" आजी म्हणायची. "जन्मभराचा हट्टी!" बोलण्यात थट्टा होती, पोटात मात्र खरीखुरी भीती होती.

म्हणून रोज दुपारी सुका मासा चघळत शिकवणी चालायची.

"जीभ टेकव, 'ल' म्हणताना टेकवतेस तशी. आता आवाज काढू नकोस. जिभेच्या कडेनं नुसती हवा सोड."

निवीनं सोडली. बाळाच्या तोंडावर तुषार उडाले.

"अगं, माझ्या नवऱ्याला आंघोळ नको घालूस! आता शेवटचा 'क'. तो इथला नाही, पार मागचा, पडजिभेपाशचा. मधला 'र'सुद्धा तिथलाच, घासून काढ."

"आजी, घशात काटा अडकल्यासारखं वाटतंय."

"मग बरोबर चाललंय."

निवी आजीच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि जसंच्या तसं करायची. जमलं की आजी भुवया उंचावून हो म्हणायची, नाही जमलं की नाक मुरडायची. शनिवारपर्यंत नाकालाच जास्त काम पडलं.

रविवारी चर्चमध्ये पाद्र्यानं विचारलं, "बाळाचं नाव?"

निवीनं डोळे मिटले आणि नाव घेतलं. त्यातल्या 'ल'वर एक बारीक शीळ वाजली.

बाकांवर खसखस पिकली. आजी गोरीमोरी झाली. तरुणपणी सीलची कातडी चावून मऊ करता करता तिचे डावीकडचे दात गेले होते आणि त्या फटीतून हवा निसटून शीळ व्हायची. पोरीनं तीही इमानानं उचलली होती. आपणच हिला चुकीचं शिकवलं, आता तो कुठला येतोय, असं वाटून आजीला मान वर करवेना.

मागच्या बाकावरून येफ्ता उठला. आजीच्या नवऱ्याचा होडीतला जुना सोबती. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही.

"बोलेत, धक्क्यावर उभी राहून तू त्याला जेवायला हाक मारायचीस, ती अशीच! दुसऱ्या कुणाच्या हाकेला तो हातातलं जाळं सोडून यायचा नाही."

"हेच नाव ना?" पाद्र्यानं आजीला विचारलं.

आजीनं आता मान वर केली. तिनं भुवया उंचावल्या.