एका पुडीला एक लिटर

संत्र्याच्या वासाची ओआरएसची पुडी फोडली की मला चारकोपच्या खोलीतली ती दुपार आठवते. जुलाबांनी माझ्या तान्ह्या लेकीचे डोळे खोल गेले होते, आणि विचारावं तर आई पार गावाकडे. सहावीत शाळा सुटलेली मी, घट्ट तेवढं गुणकारी समजून अख्खी पुडी एका पेल्यात ढवळली. शेजारच्या मालवणी काकूंनी ते चाखलं आणि पेला सरळ मोरीत ओतला. “अगो, एवढा खारट पोराक पाजतलंस? एका पुडीक एक लिटर पाणी लागता.” त्यांनी लिटरची बाटली भरून नवी पुडी कालवली, चमच्याचमच्यानं पाजत आम्हाला रिक्षानं डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी घरी आल्यावर लेकीला दिवसभरात पहिल्यांदा लघवी झाली, तेव्हा मला रडू फुटलं. काकू म्हणाल्या, “रड खुशाल, पण आधी लादी पूस.” अजूनही मी आधी बाटली भरते, मगच पुडी फोडते.